हात लावण्याची शाळा

बोरतळी, ता. उदगीर
दि. १४ नोव्हेंबर १९८२

ती. अण्णांस,
सिंधुचा सविनय जयभीम. वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं असेल. त्यात दोनच ओळी होत्या म्हणून माय रुसली असणार, तेव्हा आज सविस्तर लिहिते.

एसटी फाट्यापर्यंतच येते, तिथून पुढे चालायचं. इकडचा भाग लातूर जिल्ह्यात गेला त्याला आता तीन महिने होतील, पण फाट्यावरच्या पाटीवर अजून उस्मानाबादच आहे. जिल्हा नवा आला, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यात राहून गेला, असं इथले सरपंच व्यंकटराव म्हणाले. ज्वारी हातभर वाढून वाळली. गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालंय आणि ज्यांच्या दारात बैल आहेत त्या घरच्या बायाही डोक्यावर घमेलं घेऊन चालल्यात. त्यांच्या लेकरांसाठी म्हणून संस्थेनं ही बालवाडी काढली आणि तुमच्या लेकीला बाई केलं.

खोली चावडीमागची आहे. पूर्वी तिथं सरकारनं वसूल केलेली लेव्हीची ज्वारी साठवत, अजून भिंतीतून किडे निघतात. मदतीला साखराबाई आहे. ती सुकडी करते, लेकरांची नाकं पुसते आणि मला स्वयंपाक येत नाही हे साऱ्या गावाला सांगते.

अण्णा, प्रशिक्षणात जे शिकले ते मी इथं करून राहिले. तीन-चार वर्षांच्या लेकराला बसवून शिकवायचं नाही. त्याच्यापुढं वस्तू ठेवायच्या, ते कशाकडं ओढलं जातं ते बघायचं आणि त्याच्या मागं आपण जायचं. माझ्याकडं विकतचं काहीच नाही. चिंचोके, कवड्या, काळी माती, डबे, चिंध्या, फुटक्या बांगड्या घासून बोथट केलेल्या. लेकरं पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून बसली होती. आता मी कुलूप काढायच्या आधी दारात उभी असतात.

एक पोरगी मात्र अजून बोलत नाही. पोचम्मा तिचं नाव, सगळे पोची म्हणतात. तिची आई लक्ष्मम्मा दगड फोडणाऱ्या वडारांच्या पालात राहते. त्यांच्या घरात तेलुगू. पोची रोज येते, कोपऱ्यात बसते, सगळ्यांकडं बघते, सुकडी खाऊन जाते. मी तिला ओढत नाही. साखराबाई म्हणते, मुकी असंल. मला तसं वाटत नाही. डोळे फार बोलके आहेत.

व्यंकटराव माणूस बरा, पण रोज विचारतात की अक्षरं कवा सुरू करणार. तुम्हीही तेच विचाराल हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगितलं.

मायला सांगा, पांघरूण पुरतं आहे. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सिंधु

—

धर्माबाद
दि. २२ नोव्हेंबर १९८२

चि. सिंधु हीस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र पावले, मजकूर समजला.

मी तेच विचारतो आहे. अक्षरे केव्हा सुरू करणार?

तू लिहितेस, लेकराच्या मागे आपण जायचे. मी सारी हयात मास्तरकी केली, शेवटी हेडमास्तर म्हणून सुटलो. तुझे म्हणणे मी उडवून लावत नाही. परंतु ते कोणाच्या लेकरांबद्दल आहे, याचा विचार कर. निजामाच्या राज्यात मी मदरशाच्या ओसरीवर बसून उर्दूचा पहिला कायदा, म्हणजे आपली अंकलिपी, शिकलो. दहा वर्षांचा घोडा होतो. ओसरीवर बसू द्यावे म्हणून माझ्या बापाने मुदर्रिस साहेबांच्या, म्हणजे तिथल्या मास्तरांच्या, घरची लाकडे फोडली, आणि पहिल्या दिवशी मला दारातूनच हाकलले तेव्हा मी त्या दारात रडत उभा राहिलो. आत बसलेल्या मुलांच्या घरी वाचणारे वडील होते. ती मुले खेळली काय आणि न खेळली काय, अक्षर त्यांची वाट पाहत घरात बसलेले होते. आपल्या घरात ते नव्हते, हिसकून आणावे लागले. ज्याच्या घरी पुस्तक आहे त्याने खेळातून शिकण्याची चैन करावी.

चिखलात खेळायला आपल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. वडाराची पोर जन्मापासून दगडमातीतच आहे. तिला बालवाडीतही मातीच देणार असशील तर तू तिला काय दिलेस?

उदगीरच्या गाडीने दोन डझन पाट्या व पेन्सिलीचे खोके पाठवतो. कंडक्टर ओळखीचा आहे, तो फाट्यावर उतरवून देईल. राग मानू नये. बाप म्हणून नव्हे, त्या ओसरीवरचा एक पोर म्हणून लिहिले.

तुझी माय म्हणते, सिंधुला लेकरांच्या मागे जाऊ द्या, पण एखादा चांगला मुलगा मागे आला तर त्यालाही बघायला सांगा. मी फक्त निरोप्या.

प्रकृतीस जपावे. इकडील माया आहे तशीच आहे.

अण्णा

—

बोरतळी
दि. ८ डिसेंबर १९८२

ती. अण्णांस,
सिंधुचा सविनय जयभीम. वि. वि.

पाट्या पोचल्या, एक फुटली. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. परवा सहा डिसेंबरला इथल्या आपल्या वस्तीत अभिवादनाला गेले, तिथंही तेच डोक्यात होतं. उत्तर द्यायला उशीर झाला तो रागानं नाही. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी मलाच नीट कळायला हवं होतं.

अण्णा, आपल्याला अक्षर मिळालं नाही हे खरं. पण त्याच्याही आधी आपल्याला काय मिळालं? हात लावू नको, हे मिळालं. हौदाला हात लावू नको, माठाला लावू नको, बाजूला उभा राहा, सांगितल्याशिवाय बोलू नको. लेकरू चालायला लागलं की हा धडा सुरू व्हायचा आणि त्याला पाटी लागत नव्हती. माझ्याकडं आलेली वस्तीतली लेकरं पहिल्या दिवशी भिंतीला का चिकटली होती? समोर डबे होते, चिंचोके होते, कोणी अडवत नव्हतं. तरी एकानं हात पुढं केला नाही. सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मग सरजाबाईच्या नातवानं हळूच एक कवडी उचलली आणि पटकन खाली ठेवली. मी काही बोलले नाही, तेव्हा दुसरी उचलली. मला त्या दिवशी वाटलं, पहिला धडा झाला. आपण काय घ्यायचं, काय करायचं, हे ठरवायचा अधिकार आपल्याला आहे, एवढं ज्या लेकराला चौथ्या वर्षी कळलं, त्याच्या हातातलं अक्षर उद्या कुणी काढून घेऊ शकणार नाही.

तुमच्या पाट्या मी मध्ये मांडून ठेवल्या. काहींनी त्यावर भाकरी थापल्या. काहींनी पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि एकमेकांना दाखवल्या. दोघांनी उतरण करून वरून चिंचोके सोडले, कुठली पाटी जास्त तिरपी ठेवली की चिंचोका लांब जातो यावर सकाळ घालवली. तुम्ही कपाळाला हात लावाल. पण मी त्यांना इतकं गढलेलं आजवर पाहिलं नव्हतं.

आता मोठी बातमी. पोची बोलली.

खोलीमागच्या अंगणात लेकरं तलाव बांधून राहिलीत. माय-बाप जे करतात तेच. एकानं माती टाकली, पाणी ओतलं, पाणी निघून गेलं. पुन्हा टाकली, पुन्हा गेलं. पोची चार दिवस बघत होती. मग उठली, बांधाच्या मधोमध बोटानं चर काढला, त्यात काळी चिकणमाती दाबली आणि दगड लावायला सुरू केलं. तलावावर कामाला जाणाऱ्या नागुबाईचा पंढरी शेजारी बसला होता. त्यानं चुकीचा दगड ठेवला तर तिनं तो काढला आणि मोठ्यानं म्हणाली, रायी, पेद्द रायी. म्हणजे मोठा दगड, एवढं माझंही तेलुगू आहे. पंढरीनं काही विचारलं नाही, जाऊन मोठा दगड आणला. आता सगळी अंगणात रायी म्हणतात, आणि पोची पंढरीला आन, ठिव, न्हाई म्हणते.

पाणी जपून वापरतो. हात धुतलेलंच तलावात जातं. एकदा येऊन बघा.

मायला सांगा, मागं कुणी आलेलं नाही, आलं तरी फाट्यापासून चालून दमून परत जाईल. आशीर्वाद असू द्यावेत.

सिंधु

—

बोरतळी
दि. २९ डिसेंबर १९८२

ती. अण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते. इथं थोडं बिघडलंय. बसलिंगप्पा म्हणून गावातले मोठे जमीनदार आहेत, त्यांचा नातू बालवाडीत येत होता. परवा ते स्वतः आले, अंगणात नातवाला वडाराच्या पोरीबरोबर एका चिखलात हात घातलेला पाहिला आणि उचलून घेऊन गेले. गावात म्हणाले की बाई अक्षर शिकवत न्हाई, नुसतं लोळवते. खरं कारण एवढंच नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायला हे बरं. त्यांच्यामागं आणखी पाच-सहा घरांनी लेकरं थांबवली.

संस्थेच्या पर्यवेक्षिका फेब्रुवारीच्या सुरुवातीला तपासणीला येणार. मुलांना मुळाक्षरं आली नाहीत तर बालवाडी इथून हलवू, असा निरोप आहे. व्यंकटरावांनी मला समजावलं की बाई, चार अक्षरं घोकून घ्या, लोकांचं तोंड बंद होईल, मग काय खेळायचं ते खेळा.

मी नाही म्हटलं. पण एकटीनं नाही म्हणणं जड जातं, म्हणून लिहिलं.

सिंधु

—

धर्माबाद
दि. ४ जानेवारी १९८३

चि. सिंधु हीस,
अनेक आशीर्वाद.

मी येतो. रिकामाच आहे. तपासणीपूर्वी आठ दिवस सकाळचा वर्ग मी घेईन, अक्षरे मी शिकवीन. दुपारी तुझे खेळ चालू दे. बालवाडी टिकली तर वाद घालायला आपल्याला पुष्कळ सवड आहे, बंद पडली तर तुझेही गेले आणि माझेही. पंधरा तारखेला सकाळच्या गाडीने फाट्यावर उतरतो. नाही म्हणू नकोस.

अण्णा

—

बोरतळी
दि. २३ जानेवारी १९८३

सौ. सुमनबाई यांस,
जयभीम. मी खुशाल आहे. शेजारची केवळा हे पत्र तुला वाचून दाखवील, म्हणून घरगुती फार लिहीत नाही. गुडघ्याला तेल लावतो, एवढे समज.

सिंधु बरी आहे, वाळली आहे. स्वयंपाक खरोखरच येत नाही. साखराबाई म्हणून बाई आहेत, त्यांनी मला विचारले की मास्तर, लेकीला चार बुकं कमी शिकवली असती तर काय झालं असतं. मी म्हटले, तिच्या मायने शिकवायचा विषय माझ्याकडे ढकलू नका.

आता जे घडले ते नीट सांगतो, कारण ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सोमवारी मी वर्ग सुरू केला. लेकरांना ओळीत बसवले, पाट्या दिल्या. अ अननसाचा. त्यांपैकी एकानेही अननस पाहिलेला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी आ आईचा घेतला. आवाज खणखणीत लागला. व्यंकटराव दारात येऊन मान डोलावून गेले. बसलिंगप्पांनी नातवाला परत पाठवले. मला वाटले, दोन दिवसांत मास्तराने गाडी रुळावर आणली. सिंधु मागे उभी होती. हातातले चिंचोके ती डब्यात परत भरत होती.

पोची नावाची वडाराची पोर ओळीतून उठून अंगणाकडे जायची. मी तिला परत आणून बसवी. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा बसवले तेव्हा आवाज चढवला. मारले नाही, तुझी शपथ. ती बसली. पाटी मांडीवर घेऊन नुसती बसली. त्या दिवशी ती कोणाशीही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

मी सकाळी लवकर जाऊन दार उघडले. बाया तलावाच्या कामावर जायच्या घाईत लेकरे सोडून जात होत्या, आणि लेकरे त्यांचे लुगडे सोडत नव्हती. नागुबाईचा पंढरी उंबऱ्यावर पालथा पडून रडत होता की मला आत जायचं न्हाई. सुमन, मला कसे झाले ते कसे लिहू? अशाच एका दारात मी आत जाऊ द्या म्हणून रडलो होतो. ते दार माझ्यापुढे उघडावे म्हणून बापाने लाकडे फोडली. आणि इथे दार सताड उघडे, मीच आत उभा, आणि लेकरू आत यायला नको म्हणून रडते आहे. सिंधुकडे आले तेव्हा हेच पोर कुलूप निघायची वाट पाहत असे.

त्या दिवशी मी पाट्या वाटल्या नाहीत. दुपारी पालावर गेलो. लक्ष्मम्मा दगड फोडून येऊन भाकरी करत होती. मी तेलुगूत बोललो तेव्हा चमकली. आपल्या धर्माबादच्या बाजारात ही भाषा शिकलो त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. मी म्हटले, माझ्यामुळे पोर रुसली, मी माफी मागायला आलो. ती म्हणाली, रुसली नाही, बोलायची बंद झाली आहे. आधी रोज संध्याकाळी आमचा तलाव, आमचा तलाव म्हणून पालात सगळ्यांची डोकी उठवायची, बकरीशीसुद्धा मराठीत बोलायची. आता खोदून विचारले तर एवढेच म्हणते, तिथे आता तातय्याचे काम चालते, आमचे नाही. तातय्या म्हणजे आजोबा. म्हणजे मी.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात भिंतीला टेकून बसलो आहे. काही करत नाही. तू म्हणशील, घरी करता तेच. पोची एक दिवस लांबून बघून गेली. काल आली आणि सरळ बांधाकडे गेली. मी जे पाहतो आहे ते मला पूर्वी दिसले नसते. कोणता डबा भरला की बांध किती वाढतो, हे ती पोरे करून बघतात. भांडतात, तेव्हा कारणे देतात. पाणी कुठून झिरपते ते शोधायला पंढरी कान जमिनीला लावून पडला होता. वर्गात मी हिशेब शिकवीत असे, पण एवढे मन लावलेले तोंड बाकावर क्वचितच पाहिले.

अक्षराचे मोल माझ्या लेखी कमी झालेले नाही. फक्त त्याच्याआधी काहीतरी लागते, आणि ते माझ्याजवळ नसून सिंधुजवळ आहे, एवढे मला दिसले. तिला अजून सांगितलेले नाही. आधी तुला सांगितले.

महिना संपला की येतो. केवळाला खाऊ आणीन.

हणमंतराव

—

धर्माबाद
२९ जानेवारी

सिंधुच्या अण्णास,
सुमनबाईचा जयभीम. केवळा लिहून राहिली, मी सांगून राहिले.

कागद ऐकला. दोनदा वाचायला लावला. केवळा म्हणते आजी रडून राहिली, ते खोटं हाय, चुलीचा धूर लई झाला.

तुमी आता सांगता, पण मला हे ठावं होतं. आपली सिंधु तीन वरसाची व्हती तवा तुमी ट्रेनिंगला नांदेडला व्हता. मी कामाला जायची, ती शेजारच्या तेलाच्या घाण्यावर बसायची. दिवसभर काय बाय करायची, कुणी तिला बस म्हणलं न्हाई का ऊठ म्हणलं न्हाई. तुमी आलात तवा ती डब्यावरचं वाचत व्हती. तुमी साऱ्या गावाला सांगितलं का मास्तराची लेक हाय. मी काय बोलले न्हाई. बोलून काय करायचं.

तिला सांगा की तुमी सांगितलं न्हाई ते. बापानं लेकीला बरं म्हणायला मुहूर्त लागत न्हाई.

तपासणीचं काय व्हईल ते होऊ द्या. पोरगी भक्कम हाय. गुडघ्याला तेल गरम करून लावा. जीव लावता तसा लावत जा.

सुमनबाई

—

बोरतळी
दि. २४ एप्रिल १९८३

ती. अण्णा व माय यांस,
सिंधुचा सविनय जयभीम. वि. वि.

कार्डावर थोडं थोडं कळवत होते. आता सगळं स्थिर झालं म्हणून सलग लिहिते. अण्णा, फाट्यावर गाडीत चढता चढता तुम्ही जे बोललात, ते मला सबंध फेब्रुवारीभर पुरलं.

तपासणी वाईट गेली. बाई माणूस म्हणून रागीट नव्हत्या, पण त्यांच्याकडं वेळ नव्हता. त्यांनी लेकरांना मुळाक्षरं म्हणायला सांगितलं. तुम्ही शिकवलेली दोन आली, पुढची येत नव्हती. मग पोचीनं त्यांचा पदर धरला आणि अंगणात नेलं. बाई बांधावर पाय ठेवायला लागल्या तर म्हणाली की तितं नका उभं ऱ्हाऊ, पानी येनार हाय. पंढरीनं त्यांना पाणी कुठून झिरपतं आणि कुठं माती दाबली ते सगळं सांगितलं. बाई हसल्या, गाल कुरवाळला आणि शेरा लिहिला की अक्षरओळख नाही, शिस्त नाही, अंगणात चिखल. महिन्याच्या शेवटी संस्थेचं पत्र आलं. बालवाडी बंद, मला दुसऱ्या गावी नेमणूक.

व्यंकटरावांनी ते पत्र ग्रामसभेत वाचलं. बसलिंगप्पा म्हणाले, बरं झालं. मी उठून बोलणार होते, तेवढ्यात नागुबाई उठली. सभेत बाया मागं बसतात, बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. ती डोक्यावरचा पदर धरून उभी राहिली आणि म्हणाली की माझा पंढरी कुणी घरी आलं तर कणगीमागं दडायचा, चार वरसाचा झाला तरी माझ्याबिगर कुणाशी बोलला न्हाई. आता तो मला सांगतो, माय, घमेलं असं धर, मान दुखणार न्हाई. त्याला अक्षर शाळेत येईल, शाळा गावात हाय. हे कुटं येणार हाय? मग सरजाबाई वस्तीच्या बाजूनं उठली, मग आणखी दोघी-तिघी. बसलिंगप्पांनी विचारलं की वडारांच्या पोरांत मिसळून काय शिकली. नागुबाई म्हणाली, मालक, तलावावर मी आणि लक्ष्मम्मा एकाच लाइनीत घमेलं देतो. लेकरांनी आमच्यापेक्षा येगळं काय केलं? त्यावर ते उठून निघून गेले. पटलं म्हणून गेले असं मी म्हणणार नाही.

मग बायांनीच ठरवलं. खोली गेली तर गेली, कामावर लेकरांसाठी सावली आणि सांभाळणारी बाई द्यायचा रोजगार हमीचा नियम आहे. व्यंकटराव स्वतः तहसीलला जाऊन आले. तलावाच्या बांधाजवळ, लिंबाच्या झाडांत, बारदानाचं छप्पर घातलं. साखराबाई आपली चूल घेऊन तिथं आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

संस्थेची नवी नेमणूक मी नाकारली. आता माझं नाव मजुरांच्या हजेरीपटावर आहे, लक्ष्मम्माच्या खाली दोन नावं सोडून. पगार मजुराचा, काम बालवाडीचं. हेडमास्तरांच्या लेकीनं एवढं शिकून मजुरांत नाव घातलं म्हणून तुम्हाला लोक विचारतील. मला इथं कुणी विचारत नाही. पूर्वीपेक्षा जास्त लेकरं आहेत. बसलिंगप्पांच्या घरचं नाही, बाकी सगळ्या गावाचं आहे. अण्णा, मी चुकीची जागा सोडली आणि बरोबर जागी आले, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

एकच वाईट वाटतं. दगडाचं काम संपलं, वडारांची टोळी परवा निघाली. पोची जाताना रडली नाही. सगळ्यांना कामं वाटून गेली, बांधाचा हा भाग पंढरीनं बघायचा, तो अमुकनं. लक्ष्मम्मा म्हणाली की पुढचं काम तुमच्या धर्माबादच्याच बाजूला आहे, कालव्याचं. तिला घराचा पत्ता सांगून ठेवलाय.

जयंतीला येता आलं नाही, मायनं रागावू नये. मी इथल्या वस्तीत होते. दोघांची मायेची सावली अशीच राहावी.

तुमची,
सिंधु

—

धर्माबाद
दि. १६ मे १९८३

चि. सिंधु हीस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र मी चौकात वाचले, मोठ्याने. लोकांनी विचारले. मी सांगितले की लेकीने नोकरी सोडली आणि काम धरले. ज्याला समजले त्याला समजले.

गेल्या आठवड्यात लक्ष्मम्मा बाजाराच्या दिवशी आली, पोचीला घेऊन. पाल गोदामाच्या पलीकडे पडला आहे. तुझ्या मायने त्यांना भाकरी वाढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी अर्धा तास बोलल्या, आणि मी मध्ये अर्थ सांगू लागलो तर मलाच गप्प बसवले. त्यानंतर लक्ष्मम्मा कामावर जाताना पोरीला आमच्याकडे सोडू लागली.

पहिल्या दिवशी तिने सारे घर पाहिले. रांजणात डोकावली, माझी टोपी घातली, कपाटातली पुस्तके एकेक काढून उंबऱ्यावर उतरण केली व तिच्यावरून चिंचोके सोडले. तुझ्या मायने माझ्याकडे पाहिले. मी पेपर वाचत होतो.

काल सकाळी मी तुला हे पत्र लिहायला बसलो. ती आली, शेजारी उकिडवी बसली. बराच वेळ माझा हात कसा चालतो ते पाहिले. मग कागदावर बोट ठेवून तेलुगूत विचारले की हे काय करतोस. मी म्हटले, सिंधुबाईशी बोलतो आहे. ती म्हणाली, बाई इथे नाहीत. मी म्हटले, म्हणून तर लिहितो आहे. ती विचारात पडली. उठून अंगणात गेली, पुन्हा आली. मग मराठीत म्हणाली की मला पन बाईशी बोलायचं हाय.

मी तिला काय बोलायचे ते विचारले. ती म्हणाली, पोची हितं हाय, असं सांग. मी म्हटले, मी सांगू की तू सांगतेस? ती म्हणाली, मीच.

म्हणून पत्र एक दिवस उशिरा टाकतो आहे. मी तिचे नाव पाटीवर लिहून दाखवले, तिने खाली तसे काढून मला चार वेळा पुसायला लावले. आपल्या हाताला मला हात लावू दिला नाही. खाली जी दोन वाकडी अक्षरे आहेत ती तिची आहेत, त्यांत मी काहीही सुधारलेले नाही. तुला वाचता येईल.

अण्णा

पोची